इंजिन मुंबईत, ड्रायव्हर वर्ध्यात

खोली पाहायला गेलो तेव्हा घरमालकांनी मला खोली दाखवलीच नाही. आधी गच्चीवर नेलं, दूरच्या पाण्याच्या टाकीकडं तोंड करून उभं केलं आणि टाकीवर काय लिहिलंय ते वाचायला लावलं. मी वाचलं. मग डावा डोळा झाकून वाचलं, मग उजवा झाकून. आपण घरमालकाऐवजी चष्मेवाल्याकडं आलो की काय, असं मला वाटायला लागलं, तेवढ्यात त्यांनी शेजारच्या तारेवर वाळणाऱ्या लुगड्याकडं बोट केलं.

“थे कोनत्या रंगाचं?”

“हिरवं.”

“पक्कं?”

“पक्कं.”

“मंग राहा,” ते म्हणाले आणि जिना उतरू लागले.

माझं लग्न झालंय की नाही, मी मटण खातो की नाही, रात्री किती वाजता येतो, यातलं त्यांनी काहीही विचारलं नाही. ज्याला हिरवं आणि लाल वेगळं दिसतं तो माणूस भरवशाचा. बाकीचं पुढचं पुढं.

मी तेव्हा विम्याच्या कचेरीत बदली होऊन वर्ध्याला आलो होतो. बायको-मुलं अमरावतीला आणि मी इथं, रेल्वेलाइनजवळच्या त्या वस्तीत, वरच्या खोलीत. खाली काका आणि काकू. काका मालगाडीचे निवृत्त ड्रायव्हर. बल्लारशाकडचा कोळसा त्यांनी आयुष्यभर ओढला होता. हल्ली त्या पदाला भारी नाव मिळालंय, पण कोणी त्यांना ‘पायलट’ म्हटलं की ते उखडत. “मी काय उडत होतो का जी? जमिनीवर होतो. रुळावर होतो.”

आता त्यांच्या एका सवयीबद्दल सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं काहीच समजायचं नाही.

इंजिनात दोघं असतात, ड्रायव्हर आणि त्याचा मदतनीस. पुढं सिग्नल दिसला की एकानं त्याचा रंग मोठ्यानं पुकारायचा आणि दुसऱ्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहून तोच रंग परत पुकारायचा. एकाचा डोळा चुकला तर दुसऱ्याचा शाबूत असावा म्हणून ही पद्धत. काका निवृत्त झाले, पण पद्धत निवृत्त झाली नाही. मदतनीस मात्र बदलला. त्या जागेवर काकूंची नेमणूक झाली.

वर्ध्याच्या चौकात मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या हातातला चहा सांडला होता. काका स्कूटरवर, मागं काकू, काकूंच्या मांडीवर भाजीची पिशवी. सिग्नल बदलला. काकांनी हात पुढं करून आरोळी ठोकली, “पिवळा!” आणि मागून, काकांच्या दुप्पट आवाजात, काकू गरजल्या, “पिवळा!” बाजूच्या ऑटोवाल्यानं दचकून ब्रेक मारला. मग “लाल!” “लाल!” चौकातला पोलीस दुसरीकडं पाहायला लागला. तो ओळखून होता.

काकूंचा आवाज हे त्या वस्तीतलं एक प्रकरणच होतं. माहेर पुलगावचं, वडील सूतगिरणीत. मशीनच्या आवाजात बोलणाऱ्या माणसाच्या घरात वाढल्यामुळं आपला गळा असा झाला, असं त्या सांगत. विहारातल्या बायकांच्या गाणाऱ्या मंडळात त्या पुढं बसत आणि त्या असल्या की माइक लावायची गरज पडत नसे. गच्चीवरून त्यांनी “भाऊऽ, पोहे झालेऽ” अशी हाक मारली की गल्लीतले सगळेच भाऊ वर पाहत.

घरातही हाच कारभार. काका गॅसजवळून जाता जाता म्हणत, “दूध!” काकू आतून म्हणत, “दूध!” म्हणजे दोघांनीही पाहिलं. रात्री “कडी!” “कडी!” झाल्याशिवाय घर झोपत नसे. मी नाटकवेडा माणूस. मला हे इतकं आवडलं की मी जिन्यावरून तिसरा आवाज लावायला लागलो. काकांनी मला लगेच बंद पाडलं. “विमावाले, इंजिनात तिसरा माणूस बोलत नाई. तिसरा बोलला का दोघायचं ध्यान जाते.”

माझ्या दुसऱ्या वर्षी, थंडीत, काकूंना लकवा मारला.

उजवी बाजू गेली. ती हळूहळू थोडी परत आली, पण जीभ जड झाली ती झालीच. दवाखान्यातून घरी आणलं, दिवाणखान्यात टीव्हीसमोर खाट टाकली. पहिल्या दिवशी काकू काहीतरी बोलल्या. काय बोलल्या ते आम्हाला कळलं नाही, पण त्यांनी स्वतःचा आवाज ऐकला. एवढ्या मोठ्या गळ्यातून निघालेला तो चेपलेला आवाज. त्यानंतर त्यांनी तोंड मिटलं ते मिटलंच. बोलण्याचा सराव घ्यायला येणाऱ्या बाई काकांना बजावून सांगत, “काका, बोलतं ठेवा त्यांना. नाही बोलल्या तर जे उरलंय तेही जाईल.” विहारातल्या बायका भेटायला आल्या की काकू भिंतीकडं तोंड करायच्या. लाज. दुसरं काही नाही.

आणि काका दुधाजवळून जात. “दूध,” म्हणत. आणि उभे राहत.

त्यांचा मुलगा पुण्याला संगणकाच्या नोकरीत. आई खाटेवर आणि बाप तिच्या पायाशी बसून भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडं बघतोय, हे त्याला फोनवर दिसायचं. होळीला तो आला तेव्हा टीव्हीला लावायची एक डबी आणि गेमचा रिमोट घेऊन आला. डबी लावली, बटणं दाबली आणि पडद्यावर रेल्वेच्या इंजिनाची केबिन उभी राहिली. समोर रूळ, काचेवर पाऊस, बाजूला हिरवी कुरणं आणि कुरणात मेंढ्या. कुठला तरी परदेशी मार्ग.

काका जवळ गेले, वाकले, डायल वाचले. “ही केबिन हाय का दवाखाना? कुठी घाम नाई, धूळ नाई.” मग जरा वेळानं, “गेम कुठी हाय? या डबीत?”

“नाही बाबा. डबीत काहीच नाही. गेम मुंबईतल्या मोठ्या कॉम्प्युटरवर चालते. तिथून चित्र नेटवरून इथं येते. तुम्ही बटन दाबलं की ते तिकडं जाते.”

काकांनी बराच विचार केला. “म्हन्जे इंजिन मुंबईत आनि ड्रायव्हर वर्ध्यात.”

“हो, तसंच.”

“आनि दोघायच्या मधात?”

“तार.”

“तार तुटली तं?”

बापलेकाचा तो वाद त्या दिवशी सुरू झाला आणि फोनवरून महिनोन्‌महिने चालला. मी त्याचा एकमेव तिकीट काढलेला प्रेक्षक. मुलगा म्हणायचा, यात फायदाच फायदा आहे. महागडं मशीन घ्यायला नको, ते तापत नाही, वर्ध्याच्या मे महिन्यात तर मशीनं नुसती वितळतात. बिघडलं तर मुंबईवाले बघतील. जागा नको, देखभाल नको, जुना टीव्ही चालतो. आज हा गेम, उद्या दुसरा. “तुम्हाला काही म्हणजे काही सांभाळायला नको, बाबा.”

“हेच तं मी म्हनून राह्यलो,” काका म्हणत. “सांभाळाले काई नाई म्हन्जे आपलं काई नाई.”

मी मुलाच्या बाजूचा होतो. माझी गाणी, सिनेमे, सगळं फोनवर भाड्यानंच होतं, आणि मी स्वतःही भाड्यानंच होतो. पण काकांच्या तक्रारी ऐकायला मला भारी आवडायचं. शेजारच्या वसतिगृहातली कॉलेजची मुलं दुपारी उठून नेटला बसली की काकांच्या पडद्यावरच्या मेंढ्यांचे चौकोन व्हायचे. काका गंभीरपणे जाहीर करत, “पोट्टे जागे झाले.” गेम सुरू होण्याआधी कधीकधी रांग असे. तुमच्या पुढं इतके जण आहेत, थांबा, असं पडद्यावर येई. मी असतो तर शिव्या घातल्या असत्या. काका मात्र ताठ बसत. “आउटरवर उभी हाय गाडी. भेटन सिग्नल.” ठरलेला वेळ झाला की गेम आपोआप बंद पडायचा, मग गाडी कुठंही असो. तेव्हा मात्र ते दुखावायचे. “मधातच ड्रायव्हरले उतरवते काऊन जी हे?”

गेम खेळताना ते सिग्नल पुकारत, हे सांगायला नकोच. “हिरवा!” म्हणत आणि नजर रुळावरून न हलवता, मान जराशी खाटेकडं तिरकी करत. खाटेवरून काही येत नसे. मग ते स्वतःच हलक्या आवाजात परत “हिरवा” म्हणत. मदतनीस नसलेली गाडी चालवायला नियमात परवानगी नाही, म्हणून दोन्ही आवाज आपणच लावायचे. मी जिन्यावर बसून हे ऐकायचो आणि माझा नाटकी गळा मला आवरता आवरत नसे. पण तिसरा माणूस बोलत नाही.

मग एका दुपारी तो अपघात झाला.

अपघात म्हणजे कोणाला खरचटलं नाही. कुरणं होती, पाऊस होता, पुढं लाल सिग्नल होता. काकांनी ब्रेक दाबला. वसतिगृहातली मुलं बहुधा नुकतीच उठली होती. ब्रेक मुंबईला पोचायला वेळ लागला आणि गाडी लाल सिग्नल ओलांडून दोन डबे पुढं जाऊन थांबली. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी ठपका आला.

मी घरी आलो तेव्हा काका अंगणात उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, भांग पाडलेला.

“कुठं निघालात?”

“कुठी नाई. मी सस्पेंड हाय.”

मला हसू आलं. त्यांना नाही आलं. साऱ्या नोकरीत लाल सिग्नल त्यांनी कधी ओलांडला नव्हता. रेल्वेत याहून मोठा गुन्हा नाही. ड्रायव्हरला जागच्या जागी उतरवतात आणि चौकशी लागते. काकांनी स्वतःला उतरवलं होतं. रिमोट कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं. चार दिवस ते टीव्हीसमोर बसले नाहीत. मी समजावलं, मुलानं फोनवरून समजावलं. “बाबा, गेम आहे तो!” त्यावर एकच उत्तर. “चौकशी झाल्याबिगर मी हात लावत नाई.”

तर मग चौकशी होऊन जाऊ दे, म्हटलं मी. अशी भूमिका मला आयुष्यात परत मिळणार नव्हती.

रविवारी सकाळी मी टाय बांधून, केस चापून खाली आलो. दिवाणखान्यात टेबल मांडलं, त्यावर तांब्याचा पेला आणि काकू औषधासाठी वाजवत ती घंटी. काका समोर हात मागं बांधून उभे. मुलगा फोनच्या स्पीकरवर, तज्ज्ञ म्हणून. काकू खाटेवर उशांना टेकून बसलेल्या. मी घंटी वाजवली.

“आपलं नाव?”

“तुमाले मालूम नाई का?”

“चौकशी अधिकाऱ्याला काहीच मालूम नसतं. सिग्नल कोणता होता?”

“लाल.”

“दिसला होता?”

“दिसला होता.”

“पुकारला?”

काकांची मान जराशी खाटेकडं वळली. “पुकारला.”

“ब्रेक लावला?”

“लावला.”

“मग गाडी थांबली का नाही?”

“इंजिन मुंबईत होतं, साहेब.”

मी तज्ज्ञाला पाचारण केलं. फोनमधून मुलगा सांगू लागला की बटण दाबल्यावर त्याची खबर तिकडं जाते, तिकडं ब्रेक लागतो, मग चित्र परत येतं. नेट धीमं असेल तर या येण्याजाण्यातच उशीर होतो. चूक बाबांची नाही. काकांनी मान हलवली. “ड्रायव्हर बहाने सांगत नाई. गाडी लालच्या पुढं गेली म्हन्जे गेली. मले काढून टाका.”

“आरोपीच्या बाजूनं कोणी साक्षीदार?” मी छतापर्यंत आवाज नेऊन विचारलं. नाटकात असतं म्हणून विचारलं. साक्षीदार कुठून येणार होता?

“दा... बला.”

आम्ही दोघंही वळलो.

काकूंनी डावा हात उचलला होता. चेहरा लाल झाला होता, मानेच्या शिरा ताठल्या होत्या. एकेक अक्षर त्या कुठून तरी खोलातून ओढून वर आणत होत्या.

“ह्या... यनं. दा... बला. म्या... पाह्यलं. लाग... ला... उशि... रा.”

फोनमधून मुलगा म्हणाला, “कोण बोललं? बाबा? आई बोलली का? आई?”

निकाल द्यायचा होता. मी पल्लेदार वाक्यं तयार ठेवली होती. त्यातलं एकही आठवलं नाही. मी घंटी वाजवली आणि “निर्दोष” एवढंच म्हणालो. काकांनी खिशातून रुमाल काढला, काकूंच्या ओठांच्या कडेला आलेली लाळ पुसली आणि म्हणाले, “अवं, एवढं बोलाले येते तं इतके दिवस काऊन चूप होती?”

काकूंनी त्यांच्याकडं असं पाहिलं की साक्षीदार फिरतो की काय असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून काका कामावर रुजू झाले, पण त्यांनी गाडी चालवायची पद्धत बदलली. तारेवर भरवसा नाही, हे सिद्ध झालं होतं. म्हणून सिग्नल नुसता ठिपक्याएवढा दिसला की ते पुकारायला लागले आणि ब्रेकही तेव्हापासूनच हळूहळू लावायला लागले. गाडी इतकी सावकाश चालायची की मेंढ्यांचे चेहरे पाठ व्हावेत. “दोन पिवळे!” काका म्हणत, म्हणजे पुढं जपून. आणि मग वाट. ठिपका वाढत जाई, त्याचा दिवा होई, खांब दिसू लागे. काकूंचे ओठ जुळत, सुटत, परत जुळत. “दो... न... पि... वळे.” दिवा काचेच्या कडेला पोचेपर्यंत शब्द पुरा होई. काका “हां” म्हणत आणि गाडी पुढं काढत.

नेट मंद, म्हणून काका मंद. काका मंद, म्हणून काकूंना वेळ. मुलगा ज्याला दोष म्हणायचा, तोच त्या खाटेच्या कामी आला होता. नेटचा वेग वाढवायला चांगल्या जोडणीची चौकशी मी करून आलो होतो. ती मी मुकाट्यानं गिळली.

पावसाळा लागेपर्यंत काकू रंगांच्या बाहेर बोलायला लागल्या. “मेंढी” म्हणाल्या. “पाऊस” म्हणाल्या. एकदा मी नुकताच केस कापून आलो होतो, तर माझ्याकडं पाहून “भा... दरला” म्हणाल्या आणि काका हसता हसता खाली बसले. सराव घेणाऱ्या बाई येऊन थक्क झाल्या. विहारातली एक जुनी मैत्रीण आली तेव्हा काकूंनी भिंतीकडं तोंड केलं नाही. “ये,” म्हणाल्या. मैत्रीण पदर तोंडाला लावून बाहेर गेली, परत आली आणि मग अर्धा तास एकटीच बोलत बसली.

आणि एका सकाळी गेमच्या चित्रावर एक पट्टी आली. काकांनी मला खाली बोलावलं. “वाचा बरं, विमावाले. काय म्हनते?”

मी वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. हा गेम या महिन्याच्या शेवटी यादीतून जाणार होता.

“जानार म्हन्जे कुठी?”

“काढून टाकताहेत.”

“काऊन? आमी काय केलं?”

मुलाला फोन लावला. त्यानं समजावलं. त्या कंपनीचा आणि गेम बनवणाऱ्यांचा करार संपला होता. असं होत राहतं. तुमचं खातं आहे, बाकी सगळे गेम आहेत. “विमानाचा आहे ना, बाबा. फार भारी आहे.”

“विमानाले सिग्नल असते का बे?”



त्या संध्याकाळी काका ओसरीवर माझ्याशेजारी बसले. चिडलेले नव्हते. काहीतरी समजून घेत असावेत, तसे बोलत होते. “मी तुमाले खोली खाली कराले सांगतलं तं महिनाभर आधी सांगीन. तुमी सामान बांधसान, टेम्पो आनसान, जासान. कपाट तुमचं, खाट तुमची. इथं तं सामानच बांधता येत नाई. काय बांधू? तिचं बोलनं त्या मुंबईच्या इंजिनात हाय.”

मी म्हणालो, बोलणं त्यांच्या तोंडात आहे, इंजिनात नाही.

शेवटच्या दिवशी मी अर्धी रजा टाकली. त्या मार्गाच्या टोकाला समुद्रकाठचं स्टेशन होतं, पण आमच्या चालीनं तिथं पोचेपर्यंत दर वेळी वेळ संपून गेम बंद पडायचा. त्या दिवशी काकांनी थेट मधल्या स्टेशनापासून गाडी घेतली. सिग्नलमागून सिग्नल. “हिरवा.” “हि... रवा.” वसतिगृहाला सुट्टी होती, चित्र एकदाही फाटलं नाही. मग कुरणं संपली, एक बोगदा आला आणि बोगद्याच्या पलीकडं एकाएकी डाव्या अंगाला सगळं पाणीच पाणी.

काकूंनी समुद्र कधी पाहिला नव्हता. काकांनीही नाही. त्यांचा रूळ बल्लारशा आणि इटारसीच्या मधला.

“कि... ती,” काकू म्हणाल्या. “किती पा... नी.”

गाडी फलाटाला लागली होती. काकांनी आयुष्यात पहिल्यांदा रुळावरून नजर काढली आणि खाटेकडं वळून बसले. वेळ संपून पडदा काळा होईपर्यंत दोघांपैकी कोणी टीव्हीकडं पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी यादीत त्या जागेवर दुसऱ्याच कुठल्या गेमचं चित्र सरकून बसलं होतं.

काकांनी हार मानली नाही. फोनवर खऱ्या इंजिनातून घेतलेले व्हिडिओ मिळतात, ते मी त्यांना लावून दिले. काकांनी पुकारलं, “हिरवा!” काकूंनी पडद्याकडं पाहिलं, मग काकांच्या रिकाम्या हातांकडं पाहिलं. “तु... मी... नाई,” म्हणाल्या. गाडी तुम्ही चालवत नाही, मग मी कशाला पुकारू? बरोबरच होतं त्यांचं. मग काकांनी तीन रंगांच्या कापडाचे तुकडे आणले आणि समोर धरले. काकूंनी डोळे मिटून घेतले. त्या बालवाडीत नव्हत्या. त्या इंजिनात होत्या, आणि इंजिन गेलं होतं.

शब्द एकेक करून गेले. मेंढी गेली, पाऊस गेला. “ये” काही दिवस राहिलं. नवरात्राच्या सुमारास दुसरा झटका आला आणि दवाखान्यातून काकू परत आल्या नाहीत. विहारातल्या बायकांनी अंगणात गाणं म्हटलं. पुढची जागा त्यांनी रिकामी ठेवली होती. कोणी सांगितलं नव्हतं.

मुलगा आला तो महिनाभराची रजा घेऊन. त्याच्या सामानात एक मोठं खोकं होतं. दिवाळीला आईसाठी म्हणून त्यानं कधीचं मागवून ठेवलं होतं. गेम खेळायचं खरंखुरं मशीन, आणि त्या रेल्वेच्या गेमची डिस्क. डबी नाही, तार नाही, करार नाही. खोकं आठवडेच्या आठवडे कोपऱ्यात तसंच पडून होतं. परत पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी त्यानं ते जोडलं. मला वाटतं, काहीतरी करून जावं म्हणून जोडलं.

“बाबा, हे आपलं. घरात आहे. कोणी काढू शकत नाही.”

काका रिमोट घेऊन बसले. खाट हलवली होती. मुलगा खुर्ची ओढून त्याच जागी बसला. मी दारात. केबिन उजळली, काचेवर पाऊस आला. काकांनी ब्रेक दाबून पाहिला. दाबल्याबरोबर लागला.

“लागते,” ते म्हणाले.

“मग! आता उशीर नाही, बाबा. अगदी जवळ जाऊन दाबला तरी चालते.”

काकांनी गाडी काढली, पण चाल तीच ठेवली. मेंढ्या सावकाश मागं गेल्या. दूर ठिपका दिसला.

“दोन पिवळे!”

“दोन पिवळे!” मुलगा तात्काळ म्हणाला. त्याला घरातली पद्धत माहीत होती, आणि आवाज आईचा होता, भरदार.

काकांचं “हां” आलं नाही. पुढचा ठिपका आला.

“पिवळा!”

“पिवळा!”

काकांनी गाडी थांबवली. भर कुरणात, सिग्नलच्या कितीतरी अलीकडं. रिमोट मांडीवर ठेवून ते पडद्याकडंच पाहत राहिले.

“काय झालं, बाबा?”

“एवढ्या लवकर नाई म्हनाचं.”

मुलानं माझ्याकडं पाहिलं. मी दाराच्या चौकटीकडं पाहिलं.

काकांनी गाडी पुन्हा सुरू केली. पाऊस काचेवरून उतरत होता. बऱ्याच वेळानं पुढचा ठिपका दिसला.

“हिरवा,” काका म्हणाले.

मुलानं तोंड उघडलं आणि मिटलं. ठिपका वाढत गेला. त्याचा दिवा झाला. खांब दिसू लागला, खांबावरची शिडी दिसू लागली. मुलगा थांबला होता. दिवा काचेच्या कडेला जायला आला तेव्हा तो म्हणाला, “हि... रवा.” मुद्दाम तुटक म्हणाला की त्याच्याकडून तसं म्हटलं गेलं, ते मला आजही सांगता येणार नाही.

“हां,” काका म्हणाले. “अस्सं.”